बर्फावरचा गोतावळा

अमेरिकेत दिवाळी मंगळवारी येवो की गुरुवारी, फराळाला माणसं जमतात ती शनिवारीच. न्यू जर्सीत एडिसन-पिस्कॅटवेकडे म्हणा, नाहीतर कॅलिफोर्नियात फ्रीमाँट-सनीव्हेलकडे, कुणाच्या तरी घरी चिवड्या-चकल्यांची ताटं फिरत असतात, तळघरात मुलांचा दंगा चाललेला असतो आणि गप्पा रंगल्या की कुणीतरी विषय काढतंच, ‘‘यंदा तरी स्कीइंगचं जमवायचं का?’’

विषय निघतो तो अगदी योग्य वेळी. मोठ्या डोंगरांचे मोसमी पास शरद ऋतूत टप्प्याटप्प्याने महाग होत जातात आणि डिसेंबरात त्यांतल्या बहुतेकांची विक्री थांबते. दोनच जोडसुट्ट्या सगळ्यांना सोयीच्या असतात. जानेवारीतला तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा, फेब्रुवारीतला तिसरा सोमवार राष्ट्राध्यक्षांचा. दोन्ही सोमवार १५ ते २१ तारखांच्या दरम्यान येतात. म्हणजे पहिली सुट्टी संक्रांतीला लागून आणि दुसरी शिवजयंतीच्या आगेमागे. तेव्हाची घरं दिवाळीत धरून ठेवली नाहीत, तर नाताळानंतर हाती लागतं ते डोंगरापासून तासभर लांबचं मोटेल.

ही आखणी बहुतेक ग्रूपमध्ये चुकीच्या टोकाने सुरू होते. ज्याला सगळ्यात चांगलं स्कीइंग येतं तो डोंगर सुचवतो आणि बाकीचे मान डोलावतात. मग पहिल्यांदाच बर्फावर उभं राहणारी मैत्रीण, सहा वर्षांचं पोर आणि पुण्याहून आलेले आईबाबा त्या डोंगराच्या पायथ्याशी दिवसभर काय करणार, हा प्रश्न तिथे पोचल्यावर पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आखणी सगळ्यात नवख्या माणसापासून सुरू करावी. यामागे निव्वळ चांगुलपणा नाही. अमेरिकेतलं स्कीइंग वाढलं तेच मुळी नवख्यांची सोय पाहणाऱ्यांमुळे.

परक्यांनी आणलेला खेळ

आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा हा खेळ आपला नाही, असं अनेकांना वाटतं. पण अमेरिकेतही तो बाहेरूनच आला. नॉर्वेच्या टेलेमार्क भागात जन्मलेला एक मुलगा १८३०च्या दशकात कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि पुढे ‘स्नोशू’ थॉम्प्सन या नावाने प्रसिद्ध झाला. १८५६पासून वीस वर्षं त्याने हिवाळ्यात सिएरा नेवाडा ओलांडून टपाल नेलं. कॅलिफोर्नियातलं प्लॅसरव्हिल ते पलीकडचं जेनोआ, सुमारे नव्वद मैल, पायाला स्वतः तासलेल्या लांबलचक लाकडी स्की आणि पाठीवर टपालाचा थैला. मिशिगनमधल्या इश्पेमिंग या गावात नॉर्वेहून आलेल्या मंडळींचे क्लब होते. त्यांच्याच पुढाकाराने १९०५ साली तिथे राष्ट्रीय स्की संघटना उभी राहिली.

पुढे ऑस्ट्रियाचे हानेस श्नायडर आले. आल्प्समधल्या सेंट अँटनला त्यांनी स्कीइंग शिकवण्याची एक शिस्तशीर पद्धत बसवली होती. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक पायरी चढवत वर नेणारी ही पद्धत होती. नाझींनी त्यांना कैदेत टाकलं. न्यू हॅम्पशरमधल्या नॉर्थ कॉनवेचे बँकर हार्वे गिब्सन यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. फेब्रुवारी १९३९मध्ये श्नायडर कुटुंब नॉर्थ कॉनवेच्या स्टेशनावर उतरलं, तेव्हा गावातल्या पोरांनी स्कीच्या काठ्या उंच धरून त्यांच्यासाठी कमान केली होती. आजही डोंगराच्या पायथ्याशी नवख्यांचा वर्ग भरतो, आधी थांबायला आणि मग वळायला शिकवतात, त्याच्या मुळाशी या शिक्षकाची शिस्त आहे.

हौशी माणसांना डोंगरापर्यंत नेलं ते रेल्वेने. जानेवारी १९३१मध्ये बॉस्टनहून न्यू हॅम्पशरला पहिली ‘स्नो ट्रेन’ सुटली. सकाळी निघायचं, दिवसभर बर्फात खेळायचं आणि संध्याकाळी गाडीतच गाणी म्हणत परतायचं. मंदीच्या काळातही या गाड्यांना गर्दी असे. पण डोंगर चढायचा तो पायांनीच. व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकच्या एका खाणावळीत उतरलेल्या न्यू यॉर्कच्या पाहुण्यांनी कुरकुर केली, की दिवसभर चढण्यातच दम जातो, घसरणं जेमतेम पदरी पडतं. खाणावळीच्या मालकांनी ते मनावर घेतलं. जानेवारी १९३४मध्ये गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या टेकडीवर फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन लावून दोराचा एक रहाट सुरू झाला. अमेरिकेतला तो पहिला. दोर धरायचा आणि वर ओढलं जायचं.

मग आली खुर्ची. युनियन पॅसिफिक रेल्वेचे प्रमुख ॲव्हरेल हॅरिमन यांनी आयडाहोमध्ये सन व्हॅली वसवायला घेतली. त्यांच्याकडच्या जिम करन या इंजिनिअरने आधी जहाजांवर केळ्यांचे घड चढवणारी यंत्रणा पाहिलेली होती. आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या तर माणसंही अशीच वर जातील, हे त्याच्या डोक्यात आलं. डिसेंबर १९३६मध्ये सन व्हॅलीत जगातली पहिली चेअरलिफ्ट फिरू लागली. दोर, खुर्ची, आगगाडी, शाळा, यांतली प्रत्येक गोष्ट ज्याला अजून येत नाही त्याच्यासाठी घडवलेली आहे. आल्प्समध्ये तरबेज झालेल्याला तिची तितकीशी गरज नव्हती.

जथ्याने जाण्याचं बळ

जथ्याने डोंगरावर जाण्याची अमेरिकेतली सगळ्यात मनस्वी गोष्ट कृष्णवर्णीयांच्या स्की क्लबांची आहे. १९७०च्या सुमारास त्यांच्यापैकी कुणी स्की डोंगरावर गेलं, तर दिवसभरात आपल्यासारखा दुसरा चेहरा दिसायचा नाही. लॉस एंजेलिसच्या क्लबचे बेन फिनली आणि शिकागोच्या क्लबचे आर्ट क्ले यांनी ठरवलं, देशभरातल्या अशा क्लबांना एकाच वेळी एका डोंगरावर बोलवायचं. १९७३ साली ॲस्पेनला पहिला मेळावा झाला. तेराएक क्लब, तीनशेवर माणसं. दिवसा बर्फ आणि रात्री संगीत, नाच, जेवणावळी. त्यातून ‘नॅशनल ब्रदरहूड ऑफ स्कीअर्स’ ही संघटना उभी राहिली. तिचे मेळावे आजही भरतात आणि आपल्या मुलांना अमेरिकेच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोचवणं हे तिने उद्दिष्ट मानलं. फिनली आणि क्ले यांना पुढे अमेरिकेच्या स्की हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला.

आपली गोष्ट त्यांच्यासारखी नाही. आपल्या वाट्याला तो इतिहास आलेला नाही आणि त्याच्याशी बरोबरी करू नये. पण एक धडा त्यांच्याकडून जरूर घ्यावा. अनोळखी जागी एकट्याला जो संकोच वाटतो, तो बारा जणांत वाटत नाही. पडल्यावर हसणारा आणि हात देणारा एकच माणूस असेल, तर पडण्याची लाज उरत नाही. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर इकडे आलेल्या पिढीने मंडळं काढली, गणपती बसवले, नाटकं केली. त्यांची मुलं शाळेच्या स्की क्लबात गेली, आईबाप मात्र बहुतेक गाडीत बसून राहिले. आता चाळिशीतली पिढी मुलांबरोबर स्वतःही बूट चढवते आहे, आणि तेही ग्रूपने. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आधी घर, मग डोंगर

ग्रूपची सहल रंगते ती घरात. म्हणून डोंगर शोधण्याआधी घर शोधावं आणि घर शोधण्याआधी माणसं मोजावीत. चार कुटुंबं म्हटली तर मुलं धरून चौदा-पंधरा डोकी होतात. एवढ्यांना एकत्र बसता येईल असं स्वयंपाकघर, निदान तीन न्हाणीघरं, ओले कपडे वाळत घालायला जागा आणि ड्रायर, या चार गोष्टी खोल्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाच्या. उतारापासून पायी अंतरावरचं घर महाग पडतं. वीस मिनिटं लांबचं घर निम्म्यात मिळालं, तर ते घ्यावं.

पैशांचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं. घराचं भाडं कुटुंबामागे की डोक्यामागे? लिफ्टचं तिकीट ज्याचं त्याने, किराणा सगळ्यांत. स्प्लिटवाइज ॲपवर हिशेब टाकला की मनात काही राहत नाही. तिकिटं कधीही आयत्या वेळी खिडकीवर घेऊ नयेत. कोलोरॅडोतल्या नामांकित डोंगरांवर सुट्टीच्या दिवशीचं एक तिकीट तीनशे डॉलरच्या घरात जातं. नवख्यांसाठी मात्र बहुतेक डोंगर खालच्या उतारापुरतं तिकीट, भाड्याचं सामान आणि शिकवणी यांचं एकत्रित पॅकेज देतात आणि ते पुष्कळच स्वस्त असतं. ज्याला दिवसभर एकाच टेकडीवर पडायचं-उठायचं आहे, त्याला सबंध डोंगराचं तिकीट काढून देण्यात अर्थ नाही.

आता डोंगर. न्यू जर्सीकरांना व्हर्ननचं माउंटन क्रीक आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजमधलं कॅमलबॅक दीड-दोन तासांवर आहेत. कॅमलबॅकला रबरी ट्यूबवर बसून घसरायची मोठी सोय आहे आणि शेजारी आच्छादित वॉटरपार्क आहे, त्यामुळे स्की न करणाऱ्यांचाही दिवस भरतो. कॅटस्किल्समधला हंटर त्यापेक्षा लांब आणि जास्त उभा. व्हरमाँटचा किलिंग्टन पूर्वेकडचा सगळ्यात मोठा, पण तिथे पोचायला चार-पाच तास लागतात आणि बर्फ पडत असेल तर त्याहून जास्त. पहिल्या सहलीला तो नको. उतारांच्या पाट्यांवर हिरवं वर्तुळ म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. पण ही प्रतवारी त्या-त्या डोंगरापुरतीच असते. पोकोनोजमध्ये निळ्यावरून सहज उतरणारा माणूस रॉकी पर्वतातल्या निळ्यावर घाबरा होतो, ते याचमुळे.

न्यू जर्सीत आणखी एक सोय आहे. ईस्ट रदरफोर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये डिसेंबर २०१९मध्ये छताखालची स्की टेकडी सुरू झाली, उत्तर अमेरिकेतली पहिली. बर्फ बारा महिने. नवख्यांनी नोव्हेंबरात तिथे दोन तास घालवले, तर जानेवारीत डोंगरावरची पहिली सकाळ वाया जात नाही.

पूर्वेकडे जाताना बर्फाबद्दलच्या अपेक्षा जमिनीवर ठेवाव्यात. इथला बराचसा बर्फ यंत्राने केलेला असतो. १९५०मध्ये कनेटिकटच्या मिलफर्डमध्ये स्की बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात वेन पिअर्स यांनी रंग उडवायचा कॉम्प्रेसर आणि बागेतली नळी जोडून पहिलं यंत्र चालवलं. तत्त्व आजही तेच आहे. दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र उडवायचं, थेंब इतके बारीक व्हायला हवेत की जमिनीवर पडायच्या आत गोठतील. हवा कोरडी आणि शून्याखाली दोन-तीन अंश तरी असावी लागते, म्हणून ही यंत्रं बहुधा रात्री घोंघावतात. दुपारी ऊन लागलं की हा बर्फ वितळतो, संध्याकाळी पुन्हा गोठून काचेसारखा होतो. त्यामुळे नवख्यांचा वर्ग सकाळचाच घ्यावा आणि तीन वाजता त्यांना घरी न्यावं.

बुटांपासून सुरुवात

डोंगरावरची पहिली परीक्षा असते भाड्याच्या सामानाच्या रांगेत. फॉर्मवर वय, उंची, वजन आणि स्कीइंग कितपत येतं, हे लिहायचं असतं. ही माहिती खरीखुरी द्यावी. तिच्यावरूनच बूट आणि स्की जोडणाऱ्या खटक्याचा ताण बसवतात. पडल्यावर स्की योग्य वेळी पायातून सुटली नाही तर गुडघा पिळवटतो, आणि नको तेव्हा सुटली तर माणूस उगाच पडतो. लाजेपोटी दहा पौंड कमी लिहिले किंवा ऐटीत ‘चांगलं येतं’ असं लिहिलं, तर फसवणूक आपल्या गुडघ्याचीच होते.

बूट घालताना मोजा एकच आणि पातळ. थंडीच्या भीतीने दोन मोजे घातले की पायाचा रक्तपुरवठा अडतो आणि बोटं जास्तच गारठतात. थर्मल पँटचा काठ बुटात जाता कामा नये, तासाभरात तो नडगीला रुततो. आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग नडगी पुढच्या जिभेला टेकवून बकलं लावायची. बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत. एवढं जमलं, तर बूट मापाचा आहे. अंगावर जीन्स किंवा सुती कपडे नकोत. ते भिजतात आणि वाळत नाहीत. आत थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात बाहेर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट, डोक्यावर हेल्मेट. पँट आणि गॉगल एकदाच लागणार असतील तर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर मागावेत. दर घरात मुलांच्या लहान झालेल्या पँटी पडून असतात.

आणि शिकवणी पैसे देऊन घ्यावी. नवऱ्याने बायकोला, भावाने बहिणीला किंवा मित्राने मित्राला उतारावर शिकवू नये. शिकवणाऱ्याला स्वतः कसं शिकलो ते आठवत नसतं, शिकणाऱ्याला रागवायला हक्काचं माणूस मिळालेलं असतं, आणि दोघांची सकाळ भांडणात जाते. शिक्षक आधी एकाच पायात स्की घालून चालायला लावतो. मग दोन्ही स्कींची टोकं आत वळवून पाचर करायची, मुलांना ते ‘पिझ्झा’ म्हणून सांगतात. पाचर रुंद केली की वेग कमी होतो. सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं, पाचर करत खाली यायचं, पडलं तर दोन्ही स्की उताराला आडव्या करून कुशीवरून उठायचं. दुपारपर्यंत आपल्या मर्जीने थांबता आलं की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी सगळी खटपट करावीशी वाटते. ग्रूपमधल्या तरबेज मंडळींनी त्या वेळी वरच्या उतारावर न राहता खाली येऊन टाळ्या वाजवाव्यात.

चुलीभोवती

स्की करून आलेल्या माणसाला भूक लागते ती राक्षसी. चौदा जणांना बाहेर जेवायला न्यायचं तर त्या गावातली जागा आधीच भरलेली असते. म्हणून शिदोरी घरूनच न्यावी. शुक्रवारी रात्री पोचायला उशीर होतो, तेव्हा इन्स्टंट पॉटमध्ये मुगाची खिचडी आणि वर तूप. शनिवारी रात्री मिसळ. मटकी भिजवून मोड आणून न्यायची, कट घट्ट करून फ्रीझरमध्ये गोठवून न्यायचा, पाव आणि फरसाण गाडीत. भाजणी नेली की सकाळी थालीपीठं होतात. डोंगरावरच्या लॉजमध्ये जेवण फार महाग पडतं. अनेक ठिकाणी स्वतःचा डबा खायला वेगळी बाकं असतात. पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून फॉइलमध्ये नेली, तर दुपार निभावते. जानेवारीची सहल असेल तर तिळगूळ नक्की न्यावा. खुर्चीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तो देता येतो आणि ओळख व्हायला तेवढं पुरतं.

सकाळी कोण रांधणार, रात्री भांडी कोण लावणार, लहान मुलांजवळ कोणत्या तासाला कोण थांबणार, याचा तक्ता शुक्रवारीच फ्रिजवर लावावा. नाहीतर पुरुष डोंगरावर आणि बायका स्वयंपाकघरात, असं आपोआप होतं. हे होऊ देऊ नये. मुलं सांभाळण्याची पाळी दोन-दोन तासांनी बदलली, तर प्रत्येकाला निम्मा दिवस डोंगर मिळतो. स्की न करणाऱ्यांना ‘तुम्ही आराम करा’ म्हणून घरी बसवणंही बरं नाही. आईबाबांना डोंगरावरच्या गोंडोलात बसवून वर न्यावं. पुष्कळ डोंगरांवर पायी फिरणाऱ्यांसाठी फक्त गोंडोलाचं वेगळं तिकीट मिळतं. शिखराजवळच्या लॉजच्या काचेतून नातवंडं खाली उतरताना पाहिली की त्यांचीही सहल होते. रात्री दमशेराज, भेंड्या, पत्ते आहेतच.

सोबत्याची जबाबदारी

दंगा हवाच, पण डोंगर दंगा ऐकत नाही. कोलोरॅडोचं ब्रेकेनरिज हे गावच २,९२६ मीटरवर आहे, कळसूबाईचं शिखर १,६४६वर. विमानाने थेट तिथे गेलेल्यांचं पहिल्या रात्री डोकं दुखतं, श्वास लागतो. पहिली संध्याकाळ पाणी प्यावं, मद्य टाळावं आणि दुसऱ्या सकाळी सावकाश सुरुवात करावी. बे एरियातून टाहोला जाताना डॉनर खिंडीत बर्फ असला की चाकांना साखळ्या लावल्याशिवाय अनेक गाड्यांना पुढे सोडत नाहीत. साखळ्या नुसत्या डिकीत असून भागत नाही, घराच्या अंगणात एकदा लावून बघाव्यात. उतारावरचा मूळ नियम सोपा आहे. स्वतःवर ताबा ठेवायचा आणि जो आपल्या पुढे किंवा खाली आहे त्याला आधी वाट द्यायची. दुपारच्या बिअरनंतर पुन्हा उतारावर जाऊ नये, आणि हे मित्रालाही ठणकावून सांगावं.

डोंगरावर पांढऱ्या फुलीचे लाल अंगरखे घातलेले स्की पेट्रोलचे, म्हणजे गस्तीचे, लोक दिसतात. त्यांचं मूळ एका मैत्रीत आहे. जानेवारी १९३६मध्ये व्हरमाँटच्या स्टो इथे स्की करताना मिनी डोल या गृहस्थांचा घोटा मोडला. डोंगरावर मदतीची काहीच सोय नव्हती. मित्रांनी पत्र्याचा एक तुकडा शोधला आणि त्याच्यावर निजवून त्यांना ओढत खाली आणलं. त्या मित्रांत फ्रँक एडसन होते. काही आठवड्यांतच एडसन एका शर्यतीत जबर जखमी होऊन दगावले. डोल यांनी तो धक्का कामाला लावला आणि १९३८मध्ये नॅशनल स्की पेट्रोल सुरू केलं.

पेट्रोल बोलावण्याची वेळ यायच्या आधी ग्रूपला स्वतःपुरतं काही करता येतं. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. एक जाणता पुढे आणि एक जाणता सगळ्यात मागे, त्याच्या मागे कुणीही उरता कामा नये. बर्फावर नेमकं हेच मोडतं, कारण वेगाने उतरता येणारा माणूस भुर्रकन पुढे जातो आणि नवखा वळणावर एकटा पडलेला असतो. तेव्हा निघण्याआधीच ठरवावं, की ग्रूपमधला सगळ्यात तरबेज माणूस दिवसातून निदान दोन तास सगळ्यात शेवटी उतरेल. त्याची दोन-चार झोकदार घसरणी कमी होतील. पण जिला सकाळी बूट घालायलाही भीती वाटत होती, ती दुपारी पूर्ण उतार स्वतःच्या पायांनी उतरेल, आणि पुढच्या वर्षीचं घर शोधायला तीच सगळ्यांच्या आधी लागेल.